परदेशी ग्राहकाला पार्सल पाठवताना: कोकणातील ऑनलाइन विक्रेत्यांसाठी आयातकर आणि सीमाशुल्काचे नियम

वेंगुर्ल्याचा काजूगर, सावंतवाडीची लाकडी फळे, कुडाळ-कणकवलीकडचे आगळ आणि आमसुले यांची मागणी आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. पहिली परदेशी ऑर्डर बहुधा आपल्याच माणसांकडून, म्हणजे आखातात नोकरीला असलेल्या गावकऱ्याकडून किंवा लंडनला स्थायिक झालेल्या नातलगाकडून येते आणि तिच्यामागोमाग अनोळखी ग्राहकांच्या ऑर्डरी येऊ लागतात. या टप्प्यावर विक्रेता पॅकिंग आणि टपालखर्च यांचा हिशोब नीट करतो, परंतु पार्सल त्या देशात पोहोचल्यावर कर किती लागेल आणि तो कोण भरेल, याचा विचार राहून जातो. ग्राहकाच्या दाराशी अचानक कराची मागणी झाली की तो पार्सल नाकारतो. माल, टपालखर्च आणि ग्राहकाचा विश्वास अशा तिन्ही गोष्टी विक्रेत्याच्या हातून जातात.

आयातकर परदेशात आकारला जात असला, तरी ज्या माहितीवर तो आकारला जातो ती सर्व माहिती, म्हणजे वस्तूचे वर्णन, वर्गीकरण, किंमत आणि मूळ देश, विक्रेताच भरून देतो. म्हणून पुढील सर्व कामे पार्सल बांधण्यापूर्वी, शक्यतो परदेशी ऑर्डर स्वीकारण्यापूर्वीच, उरकलेली असावीत.

भारतातील नोंदणी

व्यापारासाठी माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात संकेतांक, ज्याला सगळे आयईसी म्हणतात, तो हवा. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून तो घरबसल्या मिळतो आणि त्याचा क्रमांक व्यवसायाच्या पॅनसारखाच असतो. एकदा मिळाल्यावर तो कायमचा असला, तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन तपासून अद्ययावत करावी लागते, माहितीत काहीही बदल झालेला नसला तरीही. हे विसरल्यास संकेतांक निष्क्रिय होतो आणि ते बहुतेक वेळा पार्सल अडकल्यावरच लक्षात येते. ज्या चालू खात्यात परदेशी पैसा येणार आहे त्या बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करण्यास अधिकृत असलेल्या बँकशाखेचा संकेतांक, घेऊन तो सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट या संकेतस्थळावर नोंदवणे हे दुसरे काम.

वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत निर्यात ही शून्य दराची मानली जाते. एकात्मिक वस्तू आणि सेवा कर कायद्याच्या कलम १६ नुसार विक्रेत्यासमोर दोन मार्ग असतात: कर भरून नंतर परतावा मागायचा, किंवा दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आरएफडी-११ या अर्जाद्वारे हमीपत्र देऊन कर न भरता माल पाठवायचा. लहान विक्रेत्याने दुसरा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण परताव्यात अडकणारी रक्कम ही त्याचे खेळते भांडवल असते. मात्र हमीपत्रावर पाठवलेला माल बीजकाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत देशाबाहेर गेला पाहिजे. आपल्याकडची अनेक छोटी दुकाने आपसमेळ योजनेत, म्हणजे कंपोझिशन योजनेत, असतात. त्या योजनेत असताना निर्यात करता येत नाही, कारण निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात मोडते. अशा दुकानदाराने परदेशी विक्री सुरू करण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून आपली नोंदणी बदलून घ्यावी.

वस्तूचा वर्ग ठरवणे

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत घाईने उरकली जाणारी पायरी हीच आहे. जगभरातील सीमाशुल्क विभाग वस्तू ओळखण्यासाठी एचएस कोड वापरतात. त्याचे पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात आणि पुढचे अंक प्रत्येक देश स्वतः जोडतो. भारतात एकूण आठ अंक असतात. यावरून दोन गोष्टी निघतात. आपण भारतीय कागदांवर लिहिलेले पहिले सहा अंक परदेशातील अधिकाऱ्याला जसेच्या तसे समजतात, त्यामुळे ते चुकले तर तिथला करही चुकतो. आणि आपला आठ अंकी कोड परदेशाच्या दरपत्रकात शोधून उपयोग नसतो. सहा अंकांपर्यंत जाऊन पुढची शाखा त्या देशाच्या यादीत पाहावी लागते.

काजूच्या उदाहरणातून हे स्पष्ट होईल. टरफल काढलेला साधा काजूगर ०८०१.३२ या शीर्षकाखाली येतो. बी फोडण्यासाठी तिला दिलेली वाफ किंवा उष्णता हा प्रक्रियेचा भाग असल्याने तिच्यामुळे वर्ग बदलत नाही. परंतु तोच गर खाण्यासाठी भाजून त्याला मीठ किंवा मसाला लावला, की तो तयार खाद्यपदार्थ होतो आणि २००८.१९ या शीर्षकाखाली जातो. पाकिटे एकाच कारखान्यातली आणि ग्राहकही एकच, पण वर्ग दोन आणि दरही वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये तर हा फरक मूल्यवर्धित करातही उतरतो: तिथे बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य दर आहे आणि साधा काजूगर त्यात बसतो, पण टरफल काढलेल्या भाजलेल्या किंवा खाऱ्या काजूवर २० टक्के कर लागतो. एकाच पार्सलमध्ये दोन्ही पाठवायचे असतील तर दोन स्वतंत्र ओळी, दोन कोड, दोन वजने आणि दोन किमती लिहाव्यात. “काजू, मिश्र” असे लिहिले तर संपूर्ण पार्सलवर जास्तीचा दर लागण्याची दाट शक्यता असते.

आंब्याचेही तसेच आहे. ताजा आणि सुकवलेला आंबा ०८०४.५० खाली येतो, परंतु साखर घालून आटवलेली आंबापोळी फळांपासून तयार केलेल्या पदार्थांच्या २० व्या प्रकरणात पाहावी लागते. सावंतवाडीच्या कारागिरांच्या वस्तूंना तर प्रत्येकीला वेगळे घर आहे: शोभेची लाकडी फळे ४४२० मध्ये, मुलांची खेळणी ९५०३ मध्ये आणि गंजिफा खेळण्याच्या पत्त्यांच्या ९५०४.४० या शीर्षकाखाली.

वर्णन लिहिताना वस्तू काय आहे, कशापासून बनली आहे आणि कशासाठी वापरतात, ही तीन उत्तरे एका ओळीत आली पाहिजेत. आमसुलासाठी नुसते “कोकम” लिहिल्याने युरोपातील अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. “कोकम फळाची सुकवलेली साल, स्वयंपाकासाठी” असा अर्थ इंग्रजीत देऊन पुढे गार्सिनिया इंडिका हे शास्त्रीय नाव लिहिले, तर ते एखादे औषध आहे की काय ही शंका राहत नाही. “भेटवस्तू”, “नमुना”, “घरगुती सामान” हे शब्द विकलेल्या मालासाठी कधीही वापरू नयेत.

कर कशावर आणि किती

ग्राहकावर पडणारा भार साधारणपणे तीन भागांचा असतो. पहिला भाग आयातशुल्काचा, जो वस्तूचा वर्ग आणि मूळ देश यांवर ठरतो. दुसरा भाग मूल्यवर्धित कर किंवा वस्तू-सेवा कराचा, जो त्या देशातील दुकानातून घेतलेल्या मालावरही लागतोच. तिसरा भाग कुरिअर कंपनी किंवा टपालखाते कर गोळा करून देण्याबद्दल घेते त्या हाताळणी शुल्काचा. लहान पार्सलमध्ये हे शुल्क प्रत्यक्ष करापेक्षाही मोठे असू शकते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे.

शुल्क कोणत्या रकमेवर काढतात हेही देशागणिक बदलते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि आखाती देश मालाची किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर शुल्क काढतात, तर अमेरिका सर्वसाधारणपणे परदेशी वाहतूकखर्च वगळून केवळ मालाच्या किमतीवर काढते. त्यामुळे बीजकावर मालाची किंमत आणि टपालखर्च वेगवेगळे दाखवणे विक्रेत्याच्याच हिताचे असते. “शिपिंग मोफत” असे सांगून सर्व खर्च किमतीत मिसळला, तर अमेरिकेत टपालखर्चावरही शुल्क पडण्याची वेळ येते.

दुबईच्या ग्राहकाने १,००० दिरहमांची शोभेची लाकडी फळे मागवली आणि वाहतुकीचे २०० दिरहम झाले असे धरू. विमा नाही असे मानल्यास शुल्कपात्र मूल्य १,२०० दिरहम होते. संयुक्त अरब अमिरातीचे सर्वसाधारण आयातशुल्क ५ टक्के, म्हणजे ६० दिरहम. मूल्यवर्धित कर ५ टक्के आहे, पण तो शुल्क मिळवून झालेल्या १,२६० वर लागतो, म्हणजे ६३ दिरहम. ग्राहकाला हाताळणी शुल्काव्यतिरिक्त १२३ दिरहम द्यावे लागतील. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. वस्तू त्याच्या सवलतीच्या यादीत असेल आणि सोबत मूळ देशाचे प्रमाणपत्र असेल, तर आयातशुल्क कमी होते किंवा अजिबात लागत नाही. हे प्रमाणपत्र विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते. मोठ्या ऑर्डरीला त्याचा खटाटोप नक्की करावा. चार डब्यांच्या पार्सलला प्रमाणपत्राचा खर्चच वाचलेल्या शुल्काहून अधिक होईल.

देशोदेशीचे नियम

अमेरिकेबाबत जुनी माहिती सर्वांत धोकादायक आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिथे शुल्क लागत नसे आणि आपल्याकडच्या अनेकांचा व्यवसाय त्या सवलतीवर उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. तिथल्या नव्या वसुली पद्धतीची व्यवस्था नसल्याने भारतीय टपाल विभागाला २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले स्थगित करावी लागली आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती सेवा पुन्हा सुरू झाली, पण शुल्क पाठवणाऱ्याकडून आधीच भरून घेण्याच्या पद्धतीने. भारतीय मालावरचे अतिरिक्त शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ आणि मग एकूण ५० टक्क्यांवर गेले आणि त्यानंतरही या दरांत फेरफार होत राहिले. म्हणून अमेरिकेसाठीचा दर कधीही आठवणीवरून सांगू नये. प्रत्येक खेप पाठवण्याच्या दिवशी तो टपाल कार्यालयाकडून किंवा कुरिअरकडून तपासून घ्यावा आणि संकेतस्थळावरील किंमत त्यानुसार बदलावी.

युरोपीय संघात २२ युरोंपर्यंतची मूल्यवर्धित कराची सूट १ जुलै २०२१ रोजी संपली, त्यामुळे आता अगदी लहान पार्सलवरही तो कर लागतो. दर देशानुसार वेगळे आहेत. जर्मनीत सर्वसाधारण दर १९ टक्के आणि बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के आहे. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस ही योजना आहे, जिच्यात ग्राहकाकडून कर विक्रीच्या वेळीच घेतला जातो आणि पार्सल दाराशी अडत नाही. भारतीय विक्रेत्याला या योजनेसाठी संघातील मध्यस्थ नेमावा लागतो, त्यामुळे मोठ्या विक्री-मंचावरून माल विकणे लहान विक्रेत्याला स्वस्त पडते, कारण तिथे कर मंचच गोळा करतो. १५० युरोंपर्यंत आयातशुल्काला असलेली सूट काढून टाकून १ जुलै २०२६ पासून पार्सलमधील प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो शुल्क लावण्याचे संघाच्या अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवले. एका पार्सलात सात-आठ प्रकारचे पदार्थ थोडे थोडे भरण्याची आपली पद्धत त्यामुळे महाग पडणार आहे. युरोपसाठी मोजक्या प्रकारांचे मोठे पॅक ठेवावेत.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर आयातशुल्क नाही, परंतु मूल्यवर्धित कर विक्रीच्या वेळी गोळा करायचा असतो. मंचावरून विक्री झाली तर मंच तो भरतो. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला तिथे स्वतः नोंदणी करावी लागते. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, पण अशा करारातील सवलत आयातशुल्कापुरती असते, मूल्यवर्धित कराला ती लागू नसते, हे ग्राहकाला सांगून ठेवावे. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर १० टक्के कर मंचाकडून, किंवा तिथली वार्षिक विक्री ७५,००० डॉलरवर गेलेल्या विक्रेत्याकडून, गोळा केला जातो. कॅनडाची सूट भारतातून जाणाऱ्या मालाला केवळ २० कॅनेडियन डॉलरपर्यंत आहे. सिंगापूरच्या वस्तू-सेवा कराचा दर ९ टक्के आहे.

खाद्यपदार्थ, लाकूड आणि खेळणी

कर भरायची तयारी असूनही काही माल आत जाऊच शकत नाही आणि कोकणी मालाच्या बाबतीत ही अडचण करापेक्षा मोठी असते. ताज्या हापूसला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि देशानुसार वेगळी प्रक्रिया लागते: अमेरिकेसाठी विकिरण, युरोपसाठी उष्णजल प्रक्रिया, जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया. या सुविधा वाशीसारख्या मान्यताप्राप्त केंद्रांतच असतात. देवगडच्या बागायतदाराने आंब्याची पेटी थेट परदेशी ग्राहकाच्या नावे टपालात टाकण्याचा विचार सोडून द्यावा आणि मान्यताप्राप्त निर्यातदारामार्फत जावे.

सुकी मासळी युरोपीय संघात व्यापारासाठी पाठवायची तर ती निर्यात तपासणी परिषदेने मंजूर केलेल्या आणि संघाच्या यादीत असलेल्या कारखान्यातूनच गेली पाहिजे. घरच्या खळ्यावर सुकवलेले बोंबील कितीही स्वच्छ असले तरी तिथे चालत नाहीत. दूध आणि दुधाचे पदार्थ टपालाने संघात पाठवण्यास मनाई आहे, म्हणून तुपातल्या लाडवांची आणि खव्याच्या मिठाईची ऑर्डर घेण्यापूर्वी थांबावे. त्या मानाने आमसुले, नाचणीचे आणि कुळथाचे पीठ, काजूगर, मालवणी मसाला हा कोरडा माल सोपा. त्यासाठी एफएसएसएआयचा परवाना आणि संपूर्ण घटकयादी असलेले लेबल हवे. काजू हा ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणला जात असल्याने ज्या मसाल्यात किंवा मिठाईत तो किंचितही आहे, तिथे तसा ठळक उल्लेख करणे बंधनकारक आहे. नवख्याने आगळाच्या बाटल्यांनी सुरुवात करू नये. गळतीमुळे शेजारची पार्सले खराब होतात आणि काही कुरिअर द्रव पदार्थ स्वीकारतच नाहीत.

अमेरिकेत विक्रीचे खाद्यपदार्थ पाठवताना तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे पूर्वसूचना द्यावी लागते. टपालाने पाठवायचे असल्यास ही सूचना पार्सल पाठवण्याआधीच देऊन मिळालेला क्रमांक पार्सलसोबत लिहायचा असतो. पदार्थ तयार करणाऱ्या जागेची नोंदणी आणि अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी याही अटी आहेत. घरी केलेला खाऊ आईने मुलाला पाठवला तर पूर्वसूचनेची गरज नसते, आणि याच सवलतीमुळे अनेकांचा गैरसमज होतो. पैसे घेऊन विकलेल्या मालाला ती लागू नाही.

लाकडाच्या वस्तू साल नसलेल्या, पूर्ण वाळलेल्या आणि किडीचे छिद्र नसलेल्या असाव्यात. ऑस्ट्रेलियात याची तपासणी विशेष कडक असते. लाकडी खोक्यातून माल पाठवायचा तर खोक्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, म्हणून पुठ्ठ्याचे खोके वापरणे सोयीचे. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी युरोपात सीई चिन्ह, म्हणजे तिथले सुरक्षा नियम पाळल्याची खूण, आणि अमेरिकेत चाचणीवर आधारित प्रमाणपत्र हवे. अमेरिकेत रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे. उघड दिसणाऱ्या भातुकलीवर “शोभेची वस्तू” अशी चिठ्ठी लावल्याने ही जबाबदारी टळत नाही. शोभेच्या वस्तूंनाही युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून तिथला जबाबदार प्रतिनिधी नेमण्याची अट आहे.

कर कोण भरणार हे आधी ठरवणे

दोन पद्धती आहेत. डीएपी पद्धतीत विक्रेता माल दारापर्यंत पोहोचवतो आणि कर ग्राहक भरतो. डीडीपी पद्धतीत कर विक्रेता भरतो आणि तो किमतीत धरतो. ज्या देशासाठी दर पक्का सांगता येतो तिथे डीडीपी ठेवावे, कारण ग्राहकाला एकच अंतिम रक्कम दिसते आणि पार्सल नाकारले जाण्याचे प्रमाण कमी होते. डीएपी ठेवायचे असेल तर पैसे भरण्याच्या पानावरच, “आपल्या देशातील आयातशुल्क आणि कर या किमतीत धरलेले नाहीत, ते पार्सल स्वीकारताना आपल्याला भरावे लागतील” असे वाक्य ठेवावे, अंदाजे रक्कम सांगावी आणि ग्राहकाची संमती नोंदवून घ्यावी. हे वाक्य अटी-शर्तींच्या पानावर तळाशी ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच.

कर वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवा, असा आग्रह कित्येकदा ग्राहकच धरतो. त्याला नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. पैसे बँकेतून पूर्ण आलेले असतात, त्यामुळे तफावत उघड होते. भारतीय सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४एए नुसार खोट्या घोषणेसाठी मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो. आणि पार्सल हरवल्यास भरपाई घोषित किमतीइतकीच मिळते.

टपाल की कुरिअर

टपाल विभागाने डिसेंबर २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली. त्यांच्या पोर्टलवर आयईसी आणि बँकेची माहिती देऊन नोंदणी केली की टपाल निर्यात पत्र घरून भरता येते आणि पार्सल जवळच्या केंद्रात देता येते. सीमाशुल्काची तपासणी पुढे मुंबईच्या विदेश डाकघरात होते. कोकणातल्या विक्रेत्याचा मुंबईचा फेरा त्यामुळे वाचतो. १५ जानेवारी २०२६ पासून अशा इलेक्ट्रॉनिक नोंदणीच्या टपाल निर्यातीलाही शुल्कपरताव्याच्या योजनांचा लाभ खुला झाला आहे. कुरिअरने पाठवताना आपली निर्यात व्यापारी मालासाठीच्या सीएसबी-५ या कुरिअर निर्यात पत्राच्या प्रकारात नोंदवली जाईल याची खातरी करावी. नमुने आणि भेटवस्तूंसाठीच्या सीएसबी-४ खाली व्यापारी माल गेला, तर निर्यातीचा पुरावा आणि त्यावरचे लाभ दोन्ही हातचे जातात.

पार्सलच्या बाहेर पारदर्शक पिशवीत बीजकाच्या तीन प्रती आणि टपालाने जात असल्यास मूल्यानुसार सीएन-२२ किंवा सीएन-२३ घोषणापत्र असावे. बीजकावर आयईसी, जीएसटी क्रमांक, हमीपत्राचा क्रमांक, प्रत्येक वस्तूचा कोड, निव्वळ वजन, चलनासह किंमत, भारत हा मूळ देश आणि ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक हवा. अमेरिकेत जाणाऱ्या मालाच्या प्रत्यक्ष वस्तूवरच “मेड इन इंडिया” अशी खूण लागते.

पार्सल परत आले, तर पाठवलेला माल तोच आहे हे सिद्ध करता आले पाहिजे. अन्यथा आपलाच माल परत घेताना भारतात आयातशुल्क मागितले जाते. निर्यात झाल्यापासून तीन वर्षांच्या आत परतलेल्या मालाला, घेतलेले लाभ परत केल्यास, सवलत मिळू शकते. त्यासाठी प्रत्येक पार्सल बंद करण्यापूर्वी आतील वस्तूंचे छायाचित्र, बीजक, निर्यात पत्र, माग क्रमांक आणि बँकेकडून आलेले परकीय जमा प्रमाणपत्र ऑर्डरच्या क्रमांकाने एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. बँकेलाही प्रत्येक निर्यात पत्रासमोर आलेली रक्कम जुळवून द्यावी लागते, आणि ते काम वर्षाअखेर न ठेवता महिन्याच्या महिन्याला करावे.